हुकूम आणि हुज्जत : साच्यातून उमटणारी भिंत

काल संध्याकाळपर्यंत कोऱ्या असलेल्या भिंतीवर आज सकाळी एखादे रेखीव, काळ्या-करड्या छटांतील, छापील वाटावे असे चित्र दिसले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न लागोपाठ उभे राहतात : एका रात्रीत, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, इतक्या नेटकेपणाने हे कोणी आणि कसे काढले, आणि याला कला म्हणावे की भिंतीची नासधूस? पहिला प्रश्न कारागिरीचा आहे आणि दुसरा न्यायाचा. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही, असे आपण सहसा धरून चालतो. परंतु कारागिरी नीट समजल्याशिवाय न्यायाचा निवाडा करता येत नाही, हे दाखवणे हाच या प्रकरणाचा उद्देश आहे.

त्यासाठी पॅरिस किंवा लंडनपासून आरंभ करण्याचे कारण नाही. गोरेगाव घेऊ, मुंबईचे उपनगर नव्हे, तर हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गोरेगाव. रस्त्यावरील कलेच्या महोत्सवांच्या नकाशात अशा गावांची नोंद होत नसली, तरी ज्या एका साधनावर ही सारी कला उभी आहे, ते साधन मराठवाड्यातील खेड्यांच्या परिचयाचे होऊन कित्येक पिढ्या लोटल्या आहेत.

१. साचा म्हणजे काय?

दिवाळीच्या बाजारात भोके पाडलेले पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे रांगोळीचे छाप मिळतात. सारवलेल्या अंगणात छाप ठेवायचा, वर रांगोळी पसरून हात फिरवायचा आणि छाप अलगद उचलायचा, की कमळ उमटते. आजीने उमटवले तरी तेच कमळ आणि सहा वर्षांच्या नातीने उमटवले तरी तेच. स्टेन्सिलचे, म्हणजे साच्याचे, सारे तत्त्व या कृतीत सामावलेले आहे. जेथे भोक तेथे रंग, जेथे पत्रा तेथे कोरी जागा. श्रम आणि कौशल्य लागते ते साचा कापताना, उमटवताना नव्हे.

या तत्त्वातून तीन गुण आपोआप निष्पन्न होतात. पहिला वेग : जे चित्र हाताने काढण्यास तास लागले असते, ते क्षणभरात उमटते. दुसरा आवृत्ती : एकच चित्र शंभर ठिकाणी तंतोतंत सारखे उमटवता येते. तिसरा गुण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुढील सर्व विवेचनाचा आधार तोच आहे : साचा करणाऱ्याचा हात पुसून टाकतो. हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येतो, साच्याच्या अक्षरावरून येत नाही.

हे साधन मानवजातीच्या अत्यंत जुन्या साधनांपैकी एक आहे. भिंतीवर तळहात टेकवून त्याच्या भोवती रंग फुंकावा आणि हात काढून घ्यावा, म्हणजे रंगाच्या कडेने वेढलेला हाताचा कोरा आकार शिल्लक राहतो. येथे साचा म्हणजे प्रत्यक्ष हातच होय. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत असा जो हात आहे, तो किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले.

२. गावातील साचे : हुकमाची लिपी

आता गावाकडे वळू. धान्याच्या बारदानावर मारलेला मार्का, विजेच्या खांबावरचा क्रमांक, सरकारी पाण्याच्या टाकीवरील खात्याचे नाव, मालमोटारीच्या फळीवरील वजनाचे आकडे : ही सारी अक्षरे साच्याने उमटवली जातात. १९५८ साली राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा फवारणी करणारे कर्मचारी घरोघर जाऊन डीडीटी मारीत आणि फवारणीची तारीख व फवारलेल्या खोल्यांची संख्या बाहेरच्या भिंतीवर नोंदवून ठेवीत. त्या नोंदीचे साचे त्यांच्या सामानात असत. घरमालकाची परवानगी त्यासाठी कोणी मागितली नाही आणि आपल्या भिंतीचे विद्रूपण झाले अशी तक्रारही कोणी केली नाही, कारण त्या खुणेमागे सरकार उभे होते.

निवडणुकीचेही तसेच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले होते, कारण बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. चिन्ह एकदा निश्चित झाले की ते गावोगावच्या भिंतींवर हुबेहूब एकसारखे उमटवण्यासाठी पत्र्याच्या साच्यासारखे स्वस्त साधन दुसरे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात दीप त्यागी नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण पुढे आला. कोणत्याही गावच्या रंगाऱ्याला तो विनासायास काढता यावा इतका तो साधा होता, आणि त्यामुळेच थोड्या वर्षांत तो देशभर भिंतीभिंतींवर पोहोचला.

मराठवाड्याच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक ऐतिहासिक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि सरकारदरबारचा कारभार उर्दूत चालत असे. अर्थात कचेरीतून आलेला कागद वा दरवाजावर डकवलेला जाहीरनामा वाचता येणारी माणसे गावात मोजकीच असत. पण मजकूर वाचता न येणाऱ्यालाही हुकमाचा चेहरा ओळखता येत असे. निर्विकार अक्षरे, मोजके शब्द, लिहिणाऱ्याच्या नावाचा अभाव आणि सर्वत्र एकच आकार : ही हुकमाच्या चेहऱ्याची लक्षणे होत, आणि साच्याचीही लक्षणे नेमकी हीच आहेत.

३. अक्षर कापायचे कसे? एक उदाहरण

साचा करणे वाटते तितके सोपे नाही, हे समजण्यासाठी ‘गोरेगाव’ हीच चार अक्षरे जाड कागदावर लिहून कापण्याचा विचार करू. ‘र’ कापणे सोपे आहे, कारण त्याच्यात बंदिस्त जागा नाही. परंतु ‘व’ च्या पोटातील जागा चोहोबाजूंनी रेषेने वेढलेली असते. रेषा कापली की पोटातला तुकडा निसटून खाली पडतो आणि रंग मारल्यावर ‘व’ च्या जागी नुसता भरीव गोळा दिसतो. हा तुकडा जागेवर राहावा म्हणून रेषेत मध्येच एखादी बारीक पट्टी न कापता ठेवावी लागते. तिला आपण जोडपट्टी म्हणू. बारदानावरील अक्षरे मध्येच तुटलेली का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर या जोडपट्टीत आहे.

दुसरी अडचण खास देवनागरीची आहे : शिरोरेषा. ती सलग कापली तर संपूर्ण शब्दाच्या डोक्यावर एक लांब चीर पडते, आणि अक्षरांच्या उभ्या दांड्यांमधील कागद केवळ खालच्या बाजूने धरलेला उरून वाऱ्याच्या झुळकीसरशी वर उचलला जातो. त्याखाली रंग शिरतो आणि अक्षरांच्या कडा फाटतात. म्हणून शिरोरेषा अक्षरागणिक तोडायची. ‘गोरेगाव’ मध्ये गो, रे, गा आणि व अशी चार अक्षरे असल्यामुळे तीन ठिकाणी तोड ठेवली की काम भागते. ‘हिंगोली’ कापताना प्रश्न थोडा अवघड होतो, कारण तेथे पहिली वेलांटीही आहे आणि दुसरीही, आणि दोन्ही वेलांट्यांच्या पोटात बंदिस्त जागा आहे. मात्र वेलांटीच्या बरोबर खाली शिरोरेषेला तोड ठेवली, तर त्या तोडीतूनच वेलांटीचे पोट खालच्या कागदाशी जोडलेले राहते आणि निराळ्या जोडपट्टीची गरज पडत नाही. ‘हिं’ वरचा अनुस्वार म्हणजे नुसते एक भोक; साचा कापणाऱ्याला साऱ्या वर्णमालेत त्याच्याइतकी सोपी खूण नाही.

कागद रंगाने भिजून लवकर निकामी होतो, म्हणून पत्रा, प्लॅस्टिकचा ताव किंवा जुनी क्ष-किरण फिल्म वापरतात. फिल्म लवचीक असते, रंग शोषून घेत नाही आणि धारदार पात्याने स्वच्छ कापली जाते.

४. अक्षराकडून चित्राकडे

अक्षर एका रंगात भागते, चेहरा भागत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड, सावली आणि दोहोंमधील छटा असतात. म्हणून छायाचित्र घेऊन त्यातील छटांची विभागणी करतात : समजा तीन भाग केले, तर तीन साचे कापावे लागतात. पहिल्याने फिकट करडा रंग संपूर्ण चेहऱ्याच्या आकारावर मारायचा; तो वाळल्यावर दुसऱ्याने गालाखालची आणि नाकाच्या बाजूची मध्यम छटा; आणि शेवटी तिसऱ्याने डोळे, भुवया, केस व ओठांची रेघ काळ्या रंगात. तिन्ही साचे एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यांत सारख्या जागी खुणेची भोके पाडलेली असतात. एक खूण बोटभर सरकली, तरी डोळा भुवईवर चढतो.

रंग मारण्याचे आधुनिक साधन म्हणजे दाबाने रंग फवारणारा डबा. १९४९ साली अमेरिकेतील एडवर्ड सेमूर या रंगव्यावसायिकाने तो प्रथम तयार केला. त्याचा मूळ हेतू घर तापवणाऱ्या रेडिएटरना द्यावयाचा रुपेरी रंग दाखवण्यापुरता होता. या डब्यामुळे कुंचला आणि रंगाची बादली बाळगण्याची गरज संपली. मात्र डबा भिंतीच्या अगदी जवळ धरला तर रंगाचे ओघळ येतात, फार दूर धरला तर कडा धूसर होतात; म्हणून वीतभर अंतरावरून पातळ थर देणे हा सर्वमान्य नियम आहे. भिंत कशी आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर साचा चपखल बसतो. मातीच्या खडबडीत भिंतीवर साचा आणि भिंत यांच्यामध्ये फटी राहतात आणि कडेखालून रंग झिरपतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्ण होते. रात्रीत दिसलेले चित्र रात्रीत झालेले नसते. त्याचे बहुतेक श्रम घरात, दिवसाउजेडी, निवांतपणे झालेले असतात. भिंतीपाशी घालवावी लागतात ती केवळ काही मिनिटे, आणि पकडले जाण्याचा धोका तेवढ्या मिनिटांपुरताच असतो.

५. कचेरीचे साधन रस्त्यावर कसे आले?

हुकमाचे साधन हुज्जतीच्या हाती जाण्याची पहिली मोठी घटना भिंतीवर नव्हे, कागदावर घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसन, गेस्टेटनर आदींनी मेणकागदाच्या साच्यातून शाई दाबून प्रती काढण्याची यंत्रे बनवली, आणि पुढे कचेरीकचेरीत सायक्लोस्टाइल यंत्रे आली. परिपत्रके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यांवर निघत. पण छापखान्याचा खर्च न परवडणाऱ्यांनीही हेच यंत्र वापरले : १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी तरुण कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले आणि मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीला वाट करून दिली. आणीबाणीत भूमिगत पत्रकेही अशाच यंत्रांवर निघाली. परिपत्रक आणि त्याला दिलेला जबाब, दोन्ही एकाच जातीच्या साच्यातून बाहेर पडत होते.

भिंतीवर हेच पाऊल पॅरिसमध्ये पडले. ब्लेक ल रा या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या झाविये प्रू याने १९८१ पासून साच्याने उंदीर उमटवण्यास आरंभ केला, आणि पुढे त्याच शहरात माणसांच्या पूर्ण उंचीच्या आकृत्याही साच्याने उमटू लागल्या. १९९१ साली पोलिसांनी त्याला पकडले, तेव्हापासून तो घरी तयार केलेली चित्रे भिंतीवर डकवण्याकडे वळला, कारण डकवण्यास वेळ आणखी कमी लागतो.

त्याच्यानंतर आलेल्या ब्रिस्टलच्या बँक्सीने साच्याकडे आपण कसे वळलो, ते २००५ च्या ‘वॉल अँड पीस’ या पुस्तकात सांगितले आहे : रेल्वेगाडीवर चित्र काढीत असताना पोलीस आले, तो एका मालमोटारीखाली दडून राहिला आणि तेथे पडल्यापडल्या गाडीच्या तळाशी साच्याने उमटवलेली अक्षरे त्याच्या दृष्टीस पडली; आपलीही चित्रे अशा रीतीने उमटवली तर वेळ वाचेल, हा विचार त्याला त्या क्षणी सुचला. या कथेत वेगाची गोष्ट सर्वांना दिसते. परंतु त्याने जे उचलले, ती कारखान्याची आणि सरकारची अक्षरे होती, हे अधिक महत्त्वाचे आहे. अधिकाराचा पोशाख चढवून अधिकाराचीच थट्टा करणे, हे त्याच्या पुढील साऱ्या चित्रांचे मर्म होय.

त्याची फुगा उडून चाललेली मुलगी प्रथम लंडनच्या भिंतींवर उमटली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिची चौकटीतील प्रत सदबीज या लिलावगृहात १० लाख ४२ हजार पौंडांना विकली गेली आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने अर्धीअधिक चिरली गेली. २०२१ साली तीच चिरलेली प्रत सुमारे १ कोटी ८६ लाख पौंडांना गेली. एकच साचा भिंतीवर अपराध ठरतो आणि चौकटीत संपत्ती ठरतो.

६. आपल्या देशातील भिंती

आपल्याकडे या कलेचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले आहेत. एक विनापरवाना. मुंबईत टायलर या नावाने वावरणाऱ्या अज्ञात कलावंताने साच्याची उपरोधिक चित्रे काढली. कोचीत ‘गेस हू’ या नावामागे दडलेल्या हातांनी पाश्चात्त्य लोकप्रिय व्यक्तींना केरळी रूप देऊन फोर्ट कोचीच्या भिंतींवर आणले. दिल्लीत डाकू या नावाच्या कलावंताने वाहतुकीच्या ‘स्टॉप’ लिहिलेल्या लाल फलकांवर त्याच धाटणीचा एकेक शब्द चिकटवून ‘हॉर्न वाजवणे थांबवा’, ‘बलात्कार थांबवा’ असे अर्थ निर्माण केले. सरकारी फलकाचे अर्धे वाक्य नागरिकाने पुरे करावे, याहून साध्या शब्दांत हुकूम आणि हुज्जत यांचे नाते मांडता येणार नाही.

दुसरा प्रवाह परवानगीचा. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईतील तुळशी पाइप रस्त्याच्या, म्हणजे सेनापती बापट मार्गाच्या, रेल्वेलगतच्या लांबच लांब भिंतीवर ‘वॉल प्रोजेक्ट’ च्या पुढाकाराने शेकडो नागरिकांनी महानगरपालिकेच्या संमतीने चित्रे काढली. २०१४ साली रणजित दहिया यांनी वांद्रे येथील महानगर टेलिफोन निगमच्या उंच इमारतीवर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे भव्य चित्र रंगवले. घरांना चुना लावण्याच्या कामापासून आरंभ केलेल्या या चित्रकाराने चित्रपटसृष्टीच्या जनकाला भिंतीवर आणावे, हा योग लक्षणीय आहे. २०१७ साली ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला, तेव्हा बंदरावर राबणाऱ्या कोळी समाजाचेच चेहरे तेथील भिंतींवर लागले.

खेड्यातही परवानगीची भिंत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील ‘बोलक्या भिंती’, ज्यांवर बाराखडी, नकाशे आणि पाढे रंगवलेले असतात, आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात गावोगाव लिहिली गेलेली घोषवाक्ये, ही सारी सार्वजनिक भित्तिचित्रणाचीच रूपे होत. फरक इतकाच, की या भिंती शिकवतात आणि बजावतात, हुज्जत घालीत नाहीत.

७. कायदा, मालक आणि निवाडा

महाराष्ट्रात १९९५ सालापासून मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा अस्तित्वात आहे. निवडणूक जाहीर झाली म्हणजे आदर्श आचारसंहितेप्रमाणे सरकारी इमारतींवरील राजकीय मजकूर २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरील विनापरवानगी मजकूर ७२ तासांत हटवावा लागतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रातोरात फिरलेला चुना पुष्कळांनी पाहिलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ आहे : भिंत कोणाची आणि मंजुरी आहे की नाही. चित्र सुंदर आहे काय, हे कायदा विचारीत नाही, आणि विचारू नये हेच इष्ट, कारण सौंदर्याचा दाखला देण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला देणे हे विद्रूपणाहून अधिक भयावह ठरेल.

परंतु नागरिकाचा निवाडा कायद्यापाशी संपत नाही. साच्याने दिलेला मुख्य लाभ कोणता, तर निनावी राहूनही अधिकारवाणीने बोलण्याची सोय. सरकारची खूणही निनावी दिसते खरी. पण तिच्यामागे खाते असते, दप्तर असते, अर्ज करण्याची जागा असते आणि चुकीचा जाब विचारता येतो. रात्री साचा घेऊन बाहेर पडणारा यांतले काहीच देत नाही. त्याने अधिकाराचा चेहरा उसना घेतलेला असतो, जबाबदारी घेतलेली नसते.

म्हणून पाहावयाचे ते हे, की हा निनावी आवाज कोणाच्या विरोधात उठला आहे. ज्याच्यापाशी स्वतःच्या भिंती, फलक, वर्तमानपत्रे आणि शिपाई आहेत, अशा सत्तेला उद्देशून तो उठला असेल, तर तिला उत्तर देण्याची साधने भरपूर आहेत, आणि चार मिनिटांत उमटलेल्या उंदराने तिचे आसन डळमळत नाही. तेथे नाव लपवणे हे दुर्बळाचे संरक्षण ठरते. परंतु तोच साचा घेऊन कोणी गावातील एखाद्या वस्तीच्या, एखाद्या जातीच्या वा एखाद्या एकट्या बाईच्या घरावर रात्री काही उमटवले, तर ज्याला उत्तर देण्यास भिंतच नाही त्याच्यावर ती हुकमत होते, आणि अक्षरे कितीही रेखीव असोत, जोडपट्ट्या कितीही कौशल्याने बसवलेल्या असोत, ती पुसून काढणे हे संपूर्ण गावाचे कर्तव्य ठरते. ते पुसण्यासाठी परवानगीची वाट पाहू नये.